काकांची मर्सिडीज

मोटारगाडी ही आता केवळ श्रीमंतांची वस्तू राहिलेली नाही. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबांच्या दारात ती उभी असते आणि रविवारी मिस्सेच्या वेळी चर्चच्या आवारात जागा अपुरी पडते. तरीही काही नावे अशी आहेत, की ती उच्चारताच ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. ‘मर्सिडीज’ हे त्यांपैकीच एक. त्यातून ते एखाद्या धर्मगुरूच्या तोंडून निघाले तर विचारायलाच नको! गेली चार-पाच वर्षे सोमवारच्या दुपारी मी एका जुन्या मर्सिडीजच्या बॉनेटखाली डोके घालून उभा असतो, हे ज्यांना ठाऊक झाले त्यांनी मला दोन प्रश्न हमखास विचारले. पहिला, ‘फादर, ही गाडी तुमची?’ आणि दुसरा, ‘एवढा खटाटोप कशासाठी?’ पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते : नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र जरा सविस्तर द्यावे लागेल.

ही गाडी माझ्या काकांची. काका अकोल्यातील एका कापूस-व्यापाऱ्याकडे चालक होते. त्या काळी परदेशी मोटार आयात करणे धनिकांनाही दुरापास्त होते. दिल्लीतील परदेशी वकिलाती आपल्या वापरलेल्या गाड्या काढून टाकीत, तेव्हा त्या सरकारच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत निविदा मागवून विकल्या जात. शेटजींनी १९८७ साली अशीच एक गाडी घेतली : १९८२ ची मर्सिडीज-बेंझ २४० डी. काका आगगाडीने दिल्लीला गेले आणि तीन दिवस मजल-दरमजल करीत ती अकोल्याला घेऊन आले. पुढे बारा वर्षे त्यांनी ती चालवली. नंतर शेटजींच्या मुलांनी नव्या गाड्या घेतल्या. १९९९ साली शेटजींनी काकांना बोलावून सांगितले, ‘हिला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही. तुम्हीच घेऊन जा.’ नाममात्र किंमत घेऊन त्यांनी कागदपत्रे काकांच्या नावे करून दिली. दोन खोल्यांच्या घरासमोर, टिनाच्या शेडखाली मर्सिडीज उभी राहिली. शेजाऱ्यांनी थट्टा केली, पण काकांनी तिला नातवासारखे जपले. २०१३ साली काका निवर्तले आणि गाडी जागच्या जागी थांबली ती आठ वर्षे. २०२१ साली माझी नेमणूक या भागात झाली, तेव्हा काकूंनी मला एकच गोष्ट मागितली : ‘बाबू, ह्यांची गाडी एकदा सुरू झालेली ऐकायची आहे.’

या नावाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ते आपल्या परिचयाचेच आहे. फ्रान्समधील नीस शहरात राहणारे एमिल येलिनेक नावाचे ऑस्ट्रियन व्यापारी जर्मनीच्या डाइम्लर कारखान्याच्या मोटारी विकत असत. १९०० साली त्यांनी नव्या धर्तीच्या मोटारींची मोठी मागणी नोंदवली आणि त्या गाडीला आपल्या मुलीचे नाव द्यावे असा आग्रह धरला. १८८९ साली जन्मलेली ती मुलगी म्हणजे मर्सिडीज. १९०२ साली ते नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले गेले आणि १९२६ मध्ये डाइम्लर व बेंझ हे दोन कारखाने एक झाल्यावर ‘मर्सिडीज-बेंझ’ हे जोडनाव रूढ झाले. परंतु हे नाव मूळचे स्पॅनिश आहे. ‘मेर्सेदेस’ म्हणजे दया, कृपा. पवित्र मरियेला स्पेनमध्ये ‘दयेची माता’ या नावाने संबोधतात. तिचा सण २४ सप्टेंबरला येतो आणि मुलींना तिचे नाव ठेवण्याची तिकडे जुनी प्रथा आहे. १२१८ साली बार्सिलोना येथे संत पीटर नोलास्को यांनी स्थापलेला मर्सिडेरियन संघ याच मातेच्या नावाचा. कैदेत पडलेल्या ख्रिस्ती बंदिवानांना खंडणी भरून सोडवणे हे त्या संघाचे कार्य होते. ऐश्वर्याचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या गाडीच्या नावाचा अर्थ ‘दया’ असावा, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या वऱ्हाडाला तर ही गाडी वाटते तितकी परकी नाही. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९६९ पर्यंत त्या ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ या नावाने धावत. त्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. माझ्या वडिलांच्या पिढीतील माणसे मालमोटारीलाच ‘मर्सिडीज’ म्हणत. त्यानंतर पुण्याजवळ आकुर्डी येथील बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे २००५ पासूनच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनाची निर्मिती केली आणि ते ट्रॅक्समध्ये बसवले. पातूर, बाळापूर, तेल्हारा, अकोटच्या रस्त्यांवर आत दहा आणि टपावर चार माणसे घेऊन जाणारी काळी-पिवळी आठवा. तिच्या पोटात जे इंजिन धडधडे ते, आणि दिल्लीतील वकिलातीची गाडी ओढणारे काकांच्या २४० डीचे इंजिन, हे एकाच घराण्यातले. चार सिलिंडर, २.४ लिटर, शक्ती अवघी बहात्तर अश्वशक्तीच्या आसपास. वेगाचे नाव नाही, पण चिवटपणा असा, की ग्रीसमधील थेसालोनिकी शहराच्या एका टॅक्सीचालकाने आपली १९७६ ची २४० डी इंजिने आलटून-पालटून बसवत ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ साली ती मर्सिडीजच्या संग्रहालयात ठेवण्यात आली.

हे नाते ध्यानात आले तेव्हा कामाला हात घालण्याचे धैर्य झाले. कारण परदेशातून भाग मागवणे ना काकूंच्या आवाक्यातले, ना माझ्या. इंजिनाचे कितीतरी किरकोळ भाग ट्रॅक्सचे सामान विकणाऱ्या जुन्या दुकानांत मिळतात, हे मला आमच्या मिस्त्रींनी सांगितले. मिस्त्रींचे वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर त्यांनी काळी-पिवळ्या आणि मॅटाडोर दुरुस्त केल्या. पहिल्याच दिवशी मी नवी बॅटरी घेऊन आलो तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘काहून घाई करून राह्यले जी फादर? आठ वर्सं झोपलेल्या माणसाले उठवाचं हाय. आंधी त्याले पानी पाजा लागते.’

त्यांचा क्रम असा होता. प्रथम झाडलोट. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कडुनिंबाच्या काड्यांचे घरटे केले होते आणि दोन वायरी कुरतडल्या होत्या. मग डिझेलची टाकी रिकामी केली. आत उरलेले डिझेल काळपट, चिकट झाले होते. टाकीच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती काढून धुतली. दोन्ही फिल्टर बदलले. त्यानंतर इंजिनाच्या चारही सिलिंडरांत थोडे-थोडे तेल सोडले आणि तीन दिवस तसेच राहू दिले. चौथ्या दिवशी पुढच्या पुलीच्या मोठ्या बोल्टवर २७ नंबरचा पाना लावून इंजिन हाताने फिरवले. ते फिरेल की नाही, यावर सारे अवलंबून होते. आतले पिस्टन जाम झाले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. मिस्त्रींनी पान्यावर भार दिला, क्षणभर काहीच घडले नाही, आणि मग एक मंद सुस्कारा सोडून इंजिन पाव फेरा फिरले. काकू ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पण तरीही किल्ली फिरवायला परवानगी नव्हती. ‘आंधी ब्रेक, मंग इंजन,’ हा मिस्त्रींचा दंडक. सुरू न होणारी गाडी कोणाचे नुकसान करीत नाही. न थांबणारी करते. या गाडीच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. त्यांचे पिस्टन गंजून अडकले होते, रबरी नळ्या फुगल्या होत्या. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि आतून धातूला खाते, म्हणून गाडी न चालवताही ते ठरावीक काळाने बदलावे लागते, हे मी तेव्हा शिकलो. पावसाळा संपेपर्यंत आम्ही केवळ ब्रेकचेच काम करीत होतो. डिझेलच्या नळ्यांतील हवा काढून, इंजेक्शन पंपावरचा छोटा हातपंप दाबून, चारही ग्लो प्लग तपासून, शेवटी डिसेंबरात एका सोमवारी किल्ली फिरवली. दोनदा खोकून तिसऱ्या वेळी इंजिन सुरू झाले. निळा-पांढरा धूर शेजारच्या गच्चीपर्यंत गेला. ट्रॅक्सचाच तो ओळखीचा ठोका, फक्त जरा मऊ.

त्यानंतर जे घडले त्याने सारे पोट धरून हसले. मी किल्ली बंद करून हातात घेतली, तरी इंजिन आपले चालूच! डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या गाडीसारखी ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते. त्यामुळे ते थांबवायचे तर डिझेलच तोडावे लागते. या गाडीत ते काम निर्वात नळ्यांकरवी होते. एखादी नळी तडकली की इंजिन किल्लीचे ऐकेनासे होते. जर्मन कारागिरांनी याची तजवीज करून ठेवली आहे : बॉनेटखाली एक लहानसा दांडा आहे, त्यावर ‘स्टॉप’ असे लिहिलेले असते. तो दाबला की इंजिन शांत होते. मला ही योजना फार आवडली. यंत्र कधीतरी बिघडणार, आणि ते ज्याच्या हातात असेल तो माणूस साधा असणार, हे ज्याने बनवले त्याने आधीच मान्य केले होते.

कोकणात आणि वसईकडे जुन्या गाडीचा शत्रू म्हणजे खारा वारा आणि गंज. वऱ्हाडात शत्रू वेगळा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लोखंड टिकते; रबर आणि प्लॅस्टिक मरते. डॅशबोर्डला भेगा पडतात, काचेभोवतीचे रबर दगडासारखे होते, इंजेक्टरवरच्या बारीक परतीच्या नळ्या हात लावताच तुटतात. म्हणून वऱ्हाडात जुनी गाडी सांभाळणाऱ्याने पैसा रंगावर न घालता आधी रबरावर घालावा, असे मी अनुभवाने सांगेन. सावली हे पहिले औषध. दुसरे, रेडिएटर स्वच्छ ठेवणे. तिसरे, गाडी उभीच असली तरी पंधरवड्यातून एकदा इंजिन चांगले तापेपर्यंत चालवणे, केवळ दोन मिनिटे सुरू करून बंद न करणे. चौथे, वर्षातून एकदा तेल बदलणे, मग गाडी धावलेली असो वा नसो. ज्यांच्या दारात वडिलांची जुनी गाडी उभी आहे त्यांनी एवढे केले तरी पुष्कळ झाले.

२०२२ च्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम करण्यात आला. आम्हा वऱ्हाडवासीयांना त्याचा सार्थ अभिमान वाटला, कारण त्या रस्त्याने आमची हाडे वर्षानुवर्षे खिळखिळी केली होती. त्याच महिन्यात आम्ही काकूंच्या अंगणात व्हॉल्व्हचे अंतर लावीत बसलो होतो. आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हला मिलिमीटरचा दहावा भाग एवढीच फट ठेवायची असते. ती जाणवली पाहिजे, दिसणार नाही. फीलर गेजची पातळ पट्टी फटीतून ओढताना ‘लोण्यातून सुरी जाते तशी’ गेली पाहिजे, असे मिस्त्री म्हणत. आठ व्हॉल्व्हांना आम्हाला दोन सोमवार लागले. वेगाने करण्याची कामे असतात आणि सावकाश करण्याचीही असतात. आपल्या काळाने दुसरी विद्या मात्र टाकून दिल्यासारखी आहे.

हे काम आम्ही दोघेच करीत नव्हतो. धर्मग्रामातील दोन तरुण येऊ लागले. एक आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकत होता, दुसरा दहावीनंतर घरी बसला होता. पहिल्याला पुस्तकातील आकृती पाठ होती, पण पाना किती आवळावा हे हाताला ठाऊक नव्हते. मिस्त्रींनी त्यांना कान लावायला शिकवले. एका लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते इंजेक्टर ऐकत, जसा डॉक्टर छाती ऐकतो. आजच्या गाड्या उत्तम आहेत, सुरक्षित आहेत, धूरही कमी सोडतात. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांचे बॉनेट उघडले की प्लॅस्टिकचे झाकण दिसते आणि दोष कोणता ते संगणक सांगतो. भाग दुरुस्त होत नाही, बदलला जातो. ‘टाकून देण्याच्या संस्कृती’विषयी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात आपल्याला सावध केले आहे. त्याचा अर्थ मला सेमिनरीत न शिकलेल्या या मिस्त्रींच्या हातांत अधिक स्पष्ट दिसला.

पोप फ्रान्सिस यांचाच दुसरा इशारा इथे आठवणे भाग आहे. जुलै २०१३ मध्ये त्यांनी सेमिनरीतील तरुणांना सांगितले होते, की धर्मगुरू वा धर्मभगिनी नव्याकोऱ्या मॉडेलच्या मोटारीत दिसल्या की आपल्याला वाईट वाटते. १९३० साली पोप अकरावे पायस यांना मर्सिडीज भेट मिळाली होती आणि त्यानंतर अनेक पोपमहोदयांच्या सेवेत याच नावाच्या गाड्या होत्या, हा इतिहास सांगून मी स्वतःचे समर्थन करणार नाही. मला अधिक जवळची वाटते ती त्याच वर्षी सप्टेंबरात घडलेली घटना. वेरोनाकडील एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी पोप फ्रान्सिस यांना आपली १९८४ ची रेनॉ-४ ही साधी गाडी दिली. तिने तीन लाख किलोमीटर कापले होते. पोपमहोदयांनी ती आनंदाने स्वीकारली. वस्तूची किंमत आणि वस्तूशी असलेले नाते या दोन भिन्न गोष्टी आहेत. चालकाने बारा वर्षे पुसलेली, मग त्यालाच मिळालेली गाडी ही दिमाखाची वस्तू उरत नाही.

आता खरी अडचण सांगतो. गाडी सुरू झाली, ब्रेक लागले, पण तिच्या नोंदणीची मुदत काकांच्या आजारपणातच संपली होती. पुनर्नोंदणीचा विचार चालू असता ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांहून जुन्या गाड्यांचे शुल्क वाढवले. आयात केलेल्या चारचाकीला ते चाळीस हजारांवरून ऐंशी हजार रुपये झाले. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. जुनी, धूर सोडणारी वाहने रस्त्यावरून कमी व्हावीत हा त्यामागील हेतू मला पटतो. आमच्या गाडीचा धूर मी स्वतः पाहिला आहे. पण ऐंशी हजार आणायचे कुठून? नागपूरचा चुलतभाऊ म्हणाला, ‘भंगारात देऊन टाका, निदान जागा तरी मोकळी होईल.’ एका ओळखीच्या गृहस्थांनी पैसे देऊ केले. तो मोह मोठा होता. काकूंना एकदा तरी त्या गाडीतून चर्चला न्यावे, ही माझी फार इच्छा होती.

निर्णय काकूंनी घेतला. सारे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, ‘तेवढ्यात त्या पोराची शिक्षणाची दोन वर्षं निघतील. गाडी रस्त्यावर गेली नाही तरी माझं काही अडत नाही. आवाज ऐकला, झालं.’ ‘पोरगा’ म्हणजे दहावीनंतर घरी बसलेला आमचा तो मदतनीस. देऊ केलेले पैसे त्या गृहस्थांच्या संमतीने त्याच्या आयटीआयच्या शिक्षणासाठी वळवले. दयेच्या मातेच्या नावाने खंडणी भरून माणसे सोडवणाऱ्या त्या जुन्या संघाची मला आठवण झाली. काकूंना त्या संघाचे नावही ठाऊक नाही.

मग गाडीचे काय? ती भंगारात गेलेली नाही. २०२१ च्या नियमानुसार प्रथम नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून वीस हजार रुपयांत नोंदवता येते. रोजच्या वापरासाठी नव्हे, प्रदर्शन वा तत्सम कारणासाठीच. आमची गाडी २०३२ साली पन्नास वर्षांची होईल. तोवर ती अंगणातच राहील. फाटकापासून विहिरीपर्यंत चाळीस पावले पुढे आणि चाळीस पावले मागे, एवढाच तिचा प्रवास. तिच्यावर मुले शिकतात. आता चार मुले येतात. एकाने अलीकडे आपल्या मामाचा बंद पडलेला ट्रॅक्टर स्वतः सुरू केला.

जी गाडी कुठेच जात नाही तिची निगा का राखावी, असे अजूनही मला विचारले जाते. काकूंचे वय आता ब्याऐंशी आहे. त्याही फारशा कुठे जात नाहीत. वस्तू असो वा माणूस, उपयोग संपला की त्याची किंमत संपली, हा हिशेब एकदा मान्य केला तर तो गाडीपाशी थांबत नाही, घरातील म्हाताऱ्या माणसांपर्यंत येऊन पोहोचतो. निगा राखण्याची सवय मात्र अखंड असते. जो मुलगा आठ वर्षे बंद असलेल्या इंजिनाला तीन दिवस तेल पाजून वाट पाहू शकतो, तो आपल्या आजीच्या खाटेशीही बसू शकेल, असा माझा विश्वास आहे.

मिस्त्रींनी यंदा दोन कामे नेमून दिली आहेत. पावसाळ्यापूर्वी पुढच्या काचेचे रबर बदलायचे आणि पाठीमागच्या रबरी जोडाची तपासणी करायची. ज्यांना हात काळे करण्याची हौस आहे त्यांनी सोमवारी दुपारी जरूर यावे. चहा काकू देतात.